खलनायकाचं बक्षीस

आमच्या घरात देव नव्हते, उपासतापास नव्हते, आजोबांच्या पिढीनंच ते सगळं सोडून दिलेलं. पण वर्षातून एक दिवस असा यायचा, की आई दुपारीच स्वयंपाकाला लागायची, बाबा शाळेतून आल्याबरोबर सायकल भिंतीला टेकवून, हातपाय धुऊन टीव्हीसमोर पाय पसरून बसायचे आणि आमचं अर्धं एकोडी गाव पडवीत जमायचं. हा दिवस सिनेमाच्या बक्षिसांचा. पडद्यावर ती झगमगीत माणसं लिफाफा उघडायच्या आत आमच्या बाबांनी नाव सांगितलेलं असायचं, आणि तेच नाव निघालं की पडवीत जो कल्ला व्हायचा, तो ऐकून गोठ्यातली म्हैस दावं ओढायला लागायची. बाबा मात्र गंभीर. मिशीवरून बोट फिरवून म्हणायचे, "सांगतलं होतं ना बाप्पा." अंदाज चुकला तर मात्र कठीण. तशी चूक क्वचितच व्हायची, पण झाली की त्या दिवशी जेवत नसत. आई ताट झाकून ठेवायची आणि म्हणायची, "बक्षीस त्याईचं गेलं, अन् उपाशी आमचा मानूस."

बाबा एकोडीच्या शाळेत मास्तर. गणित शिकवायचे, पण जीव सगळा नाटका-सिनेमात. आणि त्यांची पाहायची तऱ्हा एवढी जगावेगळी, की सांगितलं तर लोक मला खोटं पाडतात. साकोलीला सिनेमा लागला की हा माणूस तिकीट काढून आत जायचा, सगळ्यांत पुढं बसायचा आणि पडद्याकडे पाठ करून लोकांकडे पाहत राहायचा! आई एकदा सोबत गेली, तेव्हापासून तिनं कान पकडले. "पैसे देऊन लोकायचे तोंडं पाहाले जाता का तुमी?" असं ती घरी येऊन ओरडली, तर बाबा म्हणाले, "अवो, पडद्यावरचा त खोटाच रडते. समोरची बाई खरी रडली का नाही, ते पाहा लागते. बक्षीस तिच्या तोंडावर लिहिलेलं राहते." आजकाल मोबाइलवर बोट दाबून मत द्या म्हणतात, त्याच्यावरून बक्षिसं ठरवतात म्हणे. मला हसू येतं. बोटाचं काय घेऊन बसलात, तोंड पाहायला पाहिजे तोंड.

पण सिनेमा हा आमचा पाहुणा. घरचं माणूस म्हणजे नाटक. दिवाळी झाली, धान कापून झाले की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरायची आणि मंडईला नाटक. शेतात खड्डा खणायचा, त्यात बसायला तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरायची, वर मंडप, की झालं आमचं थेटर. त्या थेटरातही बाबा स्टेजच्या कडेला खुर्ची टाकून, पब्लिककडे तोंड करून बसायचे. त्यांची नजर मुख्यतः बायांच्या बाजूला, त्यातही म्हाताऱ्यांवर. आमच्याकडे एक रीत होती, आता ती पातळ झाली असेल. खलनायकाचं काम चांगलं झालं की नाही, हे टाळ्यांवरून ठरत नसे. म्हातारीनं किती शिव्या दिल्या, त्यावरून ठरे. "मुडदा बसो तुया" असं खड्ड्यातून ऐकू आलं की नाटक कंपनीचा मालक विंगेत हात चोळायचा. आणि दुसऱ्या दिवशी गावात त्या खलनायकाला कोणी चहा विचारत नसे. नायकाला पाच घरी बोलावणं आणि हा बिचारा हापशीवर एकटा तोंड धुतोय. लोकांना कळत नव्हतं असं नाही. कळायचं. पण मन धजायचं नाही.

अशाच एका सकाळी प्रमोद आमच्या घरी जेवायला आला. म्हणजे आला नाही, बाबांनी ओढत आणला. आदल्या दिवशीच्या नाटकात त्यानं वाईट दिराचं काम केलं होतं, विधवा भावजयीला लेकरासकट घराबाहेर काढणारा. काम असं, की आमच्या शेजारच्या काकू सकाळी त्याला हापशीवर पाहून भरलेली घागर तिथंच टाकून परतल्या. बाबांनी हे पाहिलं आणि त्यांना भलताच आनंद झाला. "चाल बे घरी," म्हणाले, "तू त कमाल केली!" पोरगा लाखनीकडचा, समाजातलाच, वायरमनचं शिकलेला, उन्हाळाभर विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचा आणि हिवाळ्यात नाटक. आत येऊन आईला हळूच "जयभीम" म्हणाला आणि उंबऱ्याजवळ बसला. एवढा मवाळ, की पाणीसुद्धा मागितलं नाही. आईचं मन काही विरघळेना, तिच्या डोळ्यांसमोर ते लेकरू. तिनं लाखोळीच्या डाळीच्या वड्यांची टोपली माझ्या ताईकडे सरकवली आणि म्हणाली, "तूच वाढ. माह्या हातानं होत नाही."

ताईनं वाढलं. रंजनाताई तेव्हा नुकतीच बारावी करून घरी बसलेली, शिलाई मशीन चालवायची. गरम वडे, झिंग्यांची चटणी, तांदळाची भाकर. तो खाली मान घालून खात होता. ताईनं विचारलं, "अजून देऊ का?" तर तो म्हणाला, "तुमाले माहा राग नाही आला का?" ताई म्हणाली, "आला होता. नाटक संपलं, राग संपला." मी दाराआडून ऐकत होते आणि मला तेव्हाच कळलं की काहीतरी बिघडलं. किंवा घडलं म्हणा. त्यानंतर आसपासच्या ज्या गावी त्याचं नाटक असे, तिथं नेमकी आमच्या ताईची एखादी मैत्रीण राहत असे. एवढ्या मैत्रिणी तिला कुठून झाल्या, हे आईला शिमग्यापर्यंत कळलं नाही.

शिमग्यानंतर त्याचा मामा सोयरीक घेऊन आला आणि आमच्या घरात भडका उडाला. नाटक पाहायला जीव टाकणारे बाबा, पण नाटकवाल्याला पोरगी द्यायची म्हटल्यावर एकदम दुसराच माणूस! "सहा महिने गावोगाव भटकनार, अन् माही पोट्टी दारात बसून वाट पाहनार? नाही देत." मामा शांतपणे म्हणाला, "मास्तर, तुमीच त म्हनलं होतं, असा खलनायक झाला नाही म्हनून." बाबा अडकले. अडकले की बाबांचा आवाज चढायचा. त्या सालापासून साकोलीच्या काही हौशी मंडळींनी नाट्यबक्षिसांचा सोहळा सुरू करायचं ठरवलं होतं. जिल्ह्याचे दोन तुकडे झाले होते, पलीकडचे पलीकडे गेले, मग आपला आपला सोहळा पाहिजे, अशी हवा होती. बाबांनी त्याचाच आधार घेतला. "असं करा," म्हणाले, "त्या साकोलीच्या सोहळ्यात त्याले खलनायकाचं बक्षीस भेटू द्या. भेटलं त देतो पोरगी. नाही भेटलं त पुन्हा या दारात यायचं नाही. मास्तरचा शब्द हाये." मामानं चहा संपवला आणि उठला. ताई मशीनजवळ उभी होती. त्या दिवसापासून तिनं बाबांशी बोलणंच बंद केलं. वाढायची, पाणी द्यायची, सायकलवरची धूळ पुसून ठेवायची. फक्त बोलायची नाही.

आता गंमत पाहा. रागाच्या भरात शब्द तर देऊन बसले आणि दुसऱ्याच दिवशी बाबांच्या लक्षात आलं की आपल्याच हिशेबानं ते बक्षीस प्रमोदशिवाय कोणाला मिळणं शक्य नाही! मोसमभर त्यांनी जेवढ्या म्हाताऱ्यांची तोंडं पाहिली होती, त्या सगळ्यांनी एकाच माणसाला शिव्या घातल्या होत्या. मोहफुलं वेचायचे दिवस होते ते. पहाटे बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वाकल्या की बोलणं एकच, बक्षीस कोणाला. विनोदी नटाचं कोणाला, गाण्याचं कोणाला, नायिकेचं कोणाला. मीही त्यात. मला तर शाळेपेक्षा त्याचीच घाई. संध्याकाळी सगळे आमच्या पडवीत यायचे, कापडवाले दामोदरकाका सगळ्यांत पुढं, आणि बाबांना एकेक बक्षीस विचारायचे. बाबा धडाधड नावं सांगायचे. खलनायकाचं विचारलं की एकदम तहान लागायची त्यांना. "बबी, पानी आन व!" मी पाणी आणायची. काका पुन्हा विचारायचे. बाबा म्हणायचे, "पाहू." काका मांडी थोपटून हसायचे. "गुरुजी, साऱ्या पब्लिकले माहीत हाये, अन् तुमालेच माहीत नाही?" आत मशीनचा आवाज थांबलेला असायचा. बाबांनाही ते कळत नसणार असं नाही. मला तेव्हा बाबांचा संताप संताप यायचा. सगळ्या जगाचा निकाल सांगता आणि स्वतःच्या पोरीचा सांगता येत नाही!

सोहळ्याच्या दिवशी आम्ही चौघं दुपारच्या उन्हात साकोलीला गेलो. बाबा "जायची काही गरज नाही" असं सकाळपासून तीनदा म्हणाले आणि चौथ्या वेळेला स्वतःच इस्त्रीचा सदरा घालून तयार. लग्नाचा हॉल, कूलरचा भणभणाट, पुढं सोफ्यावर परीक्षक, त्यांच्यामागं नटमंडळी, आणि मग आम्ही सगळे, मुर्रा-चना खात, कागदानं वारा घेत. काय सांगू, काय गर्दी! ज्या नट्यांना स्टेजवर नऊवारीत रडताना पाहिलेलं, त्या साध्या पातळात बसून आपल्या पोरांची शेंबडं पुसत होत्या. प्रमोद तिसऱ्या रांगेत होता. पांढरा शर्ट, केस चापून बसवलेले. त्यानं एकदाच मागं वळून पाहिलं. ताईनं माझा हात एवढा दाबला की बांगडी रुतली.

बक्षिसं सुरू झाली आणि बाबांना राहवेना. संगीताचं बक्षीस पुकारायच्या आत त्यांनी हलक्या आवाजात नाव घेतलं. तेच निघालं. मागच्या रांगेतला एक माणूस वाकून पाहायला लागला. विनोदी नटाचं नाव घेतलं, तेच. आता दोन्ही बाजूंची माणसं सरकून जवळ आली. नायिकेच्या वेळेला तर मागून कोणी विचारलंच, "गुरुजी, आता कोन?" बाबांनी सांगितलं, आणि तेच नाव माइकवरून आल्यावर आमच्या कोपऱ्यात असा आरडाओरडा झाला, की परीक्षकांनी मागं वळून पाहिलं. मला तर उभं राहून नाचावंसं वाटत होतं. बाबांचा चेहरा उजळला होता, मिशीवर बोट, डोळ्यांत चमक. आणि माइकवरून आलं, "आता उत्कृष्ट खलनायक."

सगळा कोपरा बाबांकडे वळला. "गुरुजी, बोला! कोन?" बाबांनी रुमालानं मान पुसली. पाणी मागायची इथं सोय नव्हती. आई त्यांच्याकडे पाहत होती, ताई खाली पाहत होती. मी मात्र त्यांच्या तोंडाकडेच पाहत होते, त्यांनीच शिकवलेलं पाहायला. "गुरुजी, लवकर, लिफाफा फाडून राहिले!" बाबांनी डोळे मिटले आणि मोठ्यानं, अगदी वर्गात पाढा म्हणावा तसं म्हणाले, "प्रमोद. दुसरा कोनीच नाही." ताईनं मान वर केली.

आणि नाव दुसऱ्याचंच निघालं. तुमसरकडचा एक जाडजूड नट होता, आवाजाचा दणकेबाज. ज्याच्या प्रत्येक वाक्याला शिट्ट्या पडायच्या, तो. लोकांनी आताही त्याला भरपूर टाळ्या दिल्या. आईच्या तोंडून "अगा माय" निघालं. ताई तशीच बसून राहिली, डोळे कोरडे, आणि तेच मला जास्त भयंकर वाटलं. रडली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात माझ्या बाजूची खुर्ची मागं पडली. बाबा उभे होते.

"चूक!" बाबा ओरडले. "हे बक्षीस चूक हाये! अहो, खलनायकाले टाळ्या पडल्या म्हनजे त्याचं काम फसलं! लोकायले तो आवडला! आवडनारा खलनायक कायचा खलनायक? त्या पोराले विचारा, मोसमभर एक टाळी भेटली का त्याले? एक चहा भेटला का?" आयोजक हात जोडत आले, "गुरुजी, बसा ना." "बसतो कसा? तुमी सोफ्यावर बसून स्टेज पाहिलं, बाया कुठं पाहिल्या? माह्या गावात बाईनं घागर टाकून पळ काढला याले पाहून!" हॉलमध्ये हसू फुटलं, काहींनी "बरोबर हाये!" म्हणून आवाज दिला, आणि बक्षीस काही बदललं नाही. बक्षिसं अशी बदलत नसतात. प्रमोद उभा राहून त्या जिंकलेल्या नटासाठी टाळ्या वाजवत होता. बाबांनी तेही पाहिलं आणि तिथूनच गरजले, "अरे, टाळ्या कायले वाजवून राहिला बे तू!"

सोहळा संपल्यावर आम्ही बस स्टँडच्या समोर आलूबोंड्याच्या टपरीवर बसलो. बाबांचा राग उतरत नव्हता. लाल तिखट तर्रीत बोंडा कुस्करत होते आणि परीक्षकांच्या सात पिढ्या काढत होते. प्रमोद मागून आला. बाबांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, तुमी बोलले, तेवढं पुरे झालं मले. येतो मी." आईला राहवलं नाही. "अहो, आता त बोला काही. साऱ्या साकोलीपुढं तुमीच म्हनलं ना, बक्षीस याचं होतं म्हनून?" बाबा ताटलीकडे पाहतच म्हणाले, "त्याचंच होतं. पन भेटलं नाही ना. माहा शब्द भेटन्याचा होता. मामाले काय सांगू, मास्तर फिरला म्हनून?" मला वाटलं, ती तर्रीची ताटली उचलून फेकावी. एवढा हट्टी माणूस! आजही मला त्याचा राग येतो, बाबा जाऊन एवढी वर्षं झाली तरी येतो. ताई उठली. पदर खांद्यावर घेतला आणि बसकडे जायला वळली. प्रमोद बाजूला सरकला.

तेवढ्यात टपरीच्या बाकावर बसलेली एक म्हातारी ताडकन उठली. हातात पिशवी, कमरेत वाकलेली, तोंडात तंबाखू. तिनं प्रमोदला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग ताईला पाहिलं, आणि पुढं होऊन ताईचं मनगट घट्ट धरलं. "पोरी," ती म्हणाली, "याच्या जवळ उभी नको राहू व. हा चांगला मानूस नाही. यानं आपल्या भावजयीले लेकरासकट घराच्या बाहेर काढलं." मग प्रमोदकडे वळली. "काहून बे मेल्या, आता इथं कोनाची पोट्टी पाहून राहिला? मुडदा बसो तुया!"

टपरीवाल्याचा झारा कढईतच थांबला. प्रमोदनं हात जोडले, "आजी, मी..." तर ती त्याच्यावर पिशवीच उगारायला लागली. बाबा हळूहळू उठले. तर्रीचे हात तसेच. "आजी," त्यांनी विचारलं, "कोनत्या गावचे तुमी?"

"बपेऱ्याची. लेकीकडं आली होती."

"तिकडं नाटक पाहिलं वाटते याचं?"

"कोनतं नाटक?" म्हातारी उसळली. "नाटक कायचं सांगता! मी माह्या डोळ्यानं पाहिलं! ती बाई रडून राहिली, लेकरू रडून राहिलं, अन् हा हसून राहिला!"

बाबा मटकन बाकावर बसले. पहिल्यांदा मला वाटलं, चक्कर आली. मग पाहिलं तर ते हसत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते तर्रीच्याच हातानं पुसत होते, म्हणून आणखी पाणी. "भेटलं!" ते म्हणाले. "भेटलं बाप्पा याले! रंजनाच्या आई, पाह्यलं का? बपेऱ्यावरून आलं बक्षीस!" मग कसेबसे उभे राहिले आणि प्रमोदचा पांढरा शर्ट धरून, तो सगळा लाल करत म्हणाले, "येत्या रविवारी मामाले घेऊन या. साखरपुड्याचं बोलाले."

आईनं पदर तोंडाला लावला. मी किंचाळले की काय केलं, आठवत नाही, पण आलूबोंडेवाला माझ्याकडेच पाहत होता. आणि म्हातारी मात्र पेटली. "अगा मास्तर, डोळे फुटले का तुये? एवढी सोन्यासारखी पोट्टी, अन् या राक्षसाले देऊन राहिला?" तिनं ताईचा हात काही सोडला नाही. तिची बस लागली, कंडक्टरनं घंटी मारली, कोणी तिची पिशवी आत ठेवली, तरी ती पायरीवर उभी राहून ताईला ओढतच होती, चाल माझ्यासंग म्हणून. आणि महिनाभर बाबांपुढं ओठ न उघडलेली आमची ताई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती, हसत होती, आणि म्हणत होती, "जाऊ द्या आजी. याले मी पाहून घेईन."